लख्ख मावशीचा एक न धुतलेला चंबू

हे मी लिहिणारच नव्हते. मावशीनं बोट नाचवून दम दिला होता, "कुठं बोललीस तर तुझ्या प्रॅक्टिकलची भांडी तूच घासशील!" पण तिनं ही गोष्ट मला दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा जरा तिखटमीठ लावून, आणि जिला लपवायचंय ती काही अशी दोन-दोनदा सांगत नाही. तर घ्या.

आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक अरुंद खोली आहे. दोन खोल सिंक, एक ओव्हन, एक खिडकी आणि एक स्टूल. स्टुलावर मावशी. एकतीस वर्षं. काम एकच, संशोधन करणाऱ्या पोरापोरींची काचेची भांडी धुणं. तिला सगळे लख्ख मावशी म्हणतात, आणि ते काही उगीच नाही. भांडं आधी साबणाच्या पाण्यात, मग रात्रभर क्षाराच्या टबात, मग सौम्य आम्लात, मग नळाखाली, मग शुद्ध पाण्यानं तीनदा, मग ओव्हनमध्ये. त्याआधी परीक्षा. मावशी भांडं खिडकीशी धरते आणि आत पाणी फिरवते. पाणी पदरासारखं सपाट उतरलं तर पास. कुठं एक जरी थेंब अडकून बसला तर, "आला का चिकटपणा? चल परत आंघोळीला."

पोरांनाही ती अशीच आंघोळ घालते. ग्रीसनं बरबटलेला फ्लास्क कुणी हळूच सिंकमध्ये सोडून पळायला लागला की पाठीमागून आवाज येतो. "ए राजा! आईनं असल्या ताटात वाढलं असतं तर जेवला असतास का?" राजा परत येतो, कागदानं ग्रीस पुसतो, सॉरी म्हणतो.

आणि मोठे सर. लॅबचे प्रमुख, भुवया जाड, हसणं वर्षातून दोनदा. दर वर्षी नवीन पोरं आली की त्यांना रांगेत उभं करून सर एकच भाषण देतात. "प्रयोग बिघडला तर आधी स्वतःकडे बघा, मग रसायनांकडे बघा. भांड्यांकडे बघू नका. भांडी मावशींनी धुतली आहेत." मावशी त्या दिवशी मुद्दाम दाराजवळ काहीतरी पुसत उभी राहते. एकतीस वेळा ऐकलंय तिनं ते वाक्य. तरी दर वेळी कान टवकारते.

आता ताई. ताई म्हणजे मोठ्या सरांकडे पीएचडी करणारी, वय एकोणतीस, डोळ्याखाली काळं, केसात पेन्सिल. तिचं काम असं की एका साध्या पदार्थापासून सुरुवात करून बारा पायऱ्यांनी एक औषधी रेणू बनवायचा. एका पायरीवर जे तयार होईल ते पुढच्या पायरीवर वापरायचं, आणि कुठं चुकलं की धपकन खाली. मावशीनं या पायऱ्यांना इयत्ता करून टाकलं.

"काय गं, कितवीत?"

"सहावीत, मावशी."

"मागच्या महिन्यात पण सहावीतच होतीस."

"नापास झाले ना."

हे इतकं रुळलं की सगळी लॅब तसंच बोलायला लागली. ताई आठवीत पहिल्या फटक्यात पास झाली तेव्हा पेढ्याऐवजी बिस्किटं वाटली गेली. आणि फोनवर ती आईला म्हणाली, "अगं, बारावीचं टेन्शन आहे," तेव्हा जिन्यातून चाललेला एक अनोळखी माणूस वळून तिच्याकडं बघतच राहिला.

बारावी म्हणजे सगळ्यात वाईट. का, ते मावशीला ताईनं ड्रॉवरसमोर उभं राहून समजावलं होतं. त्याचं असं झालं, मावशीच्या खोलीत एक ड्रॉवर आहे, त्यात रबरी हातमोजे. सगळे डाव्या हाताचे. तेवीस. कारण ब्रश असतो उजव्या हातात, फुटकी काच लागते उजव्या हाताला, त्यामुळे उजवा फाटतो आणि डावा धडधाकट मागं उरतो. टाकवत तर नाही.

ताई ओरडली, "मावशी, हेच! माझा रेणू हाच आहे!"

"हातमोजा?"

"अहो, म्हणजे तो दोन प्रकारचा होतो. बोटं तेवढीच, अंगठा तेवढाच, सगळं सेम, पण एक उजवा, एक डावा. आरशातल्यासारखा. अकरावीपर्यंत माझ्याकडं दोन्ही मिसळलेले येतात. औषध फक्त उजवा."

"आणि डावा?"

"डावा नुसता गर्दी करतो."

मावशीनं ड्रॉवरकडं बघितलं. "मग उलटा करून घाल की. मी अडीनडीला डावा उलटा करून उजव्या हातात घालते. आतली लव बाहेर येते, चंबू हातातून सटकतो, पण चालतं."

"रेणू उलटा करायला बसले तर अजून सहा इयत्ता वाढतील, मावशी."

मग बारावीत करायचं काय, तर त्या मिसळीत एक आम्ल घालायचं, द्राक्षात असतं ते. ते आम्ल स्वतः एकाच हाताचं. हस्तांदोलन केल्यासारखं ते उजव्या रेणूशी नीट जुळतं, आणि ती जोडी गार होताना खडे होऊन तळाशी बसते. डावे वर द्रवात तरंगत राहतात. गाळलं की झालं. कागदावर.

दोन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी ताईनं हे पहिल्यांदा केलं आणि शुक्रवारी सकाळी फ्लास्कच्या तळाशी पांढरे, सुईसारखे खडे. चिमूटभर. ताई कॉरिडॉरमध्ये नाचली. ते खडे तपासणीला गेले, थोडे बाहेरच्या लॅबला, थोडे इथल्या मशीनमध्ये जे त्यातून जाणारा प्रकाश किती वळतो ते मोजतं. आकडा अगदी बरोबर, उजवाच. तपासणीतच सगळे संपले, एक कण उरला नाही. पण काय हरकत आहे, परत करू.

परत केलं. डिंक. गार होऊन तळाशी पिवळट, चिकट डिंक बसला. बारावी नापास.

तिसऱ्यांदा केलं. डिंक.

आता ताईसारखी हुशार पोरगी अशा वेळी काय करते? तिनं त्या पहिल्या गुरुवारी घातलेला पिवळा टॉप घातला. खिडकी तेवढीच उघडी ठेवली. त्या दिवशी खाल्लेलं तेच सँडविच त्याच कँटीनमधून आणलं. द्रव थोडा जास्त गरम, थोडा जास्त गार करून बघितला. काहीही नाही.

मोठ्या सरांनी शेवटी शुक्रवारी ताईला बोलावलं. मावशी तेव्हा शेजारच्या कपाटात मोजपात्रं लावत होती, दार उघडं होतं, आणि कान तिला देवानं ऐकायलाच दिलेत.

"हे बघ, एकदा झालं ते झालंच नाही असं धरतात," सर म्हणाले. "परत करून दाखवता आलं नाही तर प्रबंधात बारावी पायरी लिहिता येणार नाही."

"सर, मग उरलं काय? उजवा-डावा मिसळलेला डिंक? बारा वेळा चढून?"

"तुझी मुदत या महिन्याअखेर संपते. माल किती शिल्लक आहे?"

"एकाच खेपेपुरता."

"सोमवार शेवटचा. नाही जमलं तर अकरा पायऱ्यांवर थांब."

ताई म्हणाली, "सर, खड्यांना सुरुवात करून द्यायला एक बी लागतं. त्याच पदार्थाचा एक कण. तो टाकला की बाकीचे त्याच्याभोवती जमतात. एक कण जरी ठेवला असता ना मी बाजूला…"

"म्हणजे दह्याला विरजण," सर म्हणाले.

"हो. पण सर, मला कळतच नाही, पहिल्यांदा विरजण आलं कुठून? मी काहीच टाकलं नव्हतं!"

सर खुर्चीत मागं रेलले. "तू बघ, रसायनं बघ. भांड्यांचा प्रश्न नाही, भांडी तर…"

पुढचं वाक्य मावशीला पाठ होतं. पण या वेळी ते ऐकून हातातलं मोजपात्र तिनं फार सावकाश कपाटात ठेवलं.

कारण तो गुरुवार तिलाही आठवत होता.

तर त्या गुरुवारी काय झालं ते सांगते. मावशी गेले तीन महिने स्कूटर शिकते आहे. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. इमारतीच्या मागं, सायकल स्टँडच्या रिकाम्या फरशीवर, वॉचमनदादाच्या स्कूटरवर, मंगळवार-गुरुवार दुपारी चार. नवऱ्याला पत्ता नाही. त्याचं लग्नापासून एक वाक्य ठरलेलं, "तुला साधा जिना धड उतरता येत नाही." मावशीला एक दिवस दारात हॉर्न वाजवून त्याला म्हणायचं होतं, "बसा मागं." एवढंच. त्यासाठी एकदा कुंडीवर आणि एकदा प्रिन्सिपॉलच्या गाडीच्या आरशावर जाऊन आली होती. वॉचमनदादा तेव्हा डोळे झाकून म्हणाला होता, "मावशी, ब्रेक! ब्रेक! अहो तो हॉर्न!"

त्या गुरुवारी पावणेचारला ताई दारात आली. "मावशी, एक छोटा फ्लास्क हवाय, आत्ताच."

धुतलेला एकही नव्हता. मावशीनं जुनं कपाट उघडलं. मागच्या कोपऱ्यात दोन लहान चंबू, सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका चष्मेवाल्या पोराचे. त्यानंही हाच रेणू करायला घेतला होता, बारावीला डिंकच डिंक बघून कंटाळला, चंबूगबाळं आवरून नोकरीला गेला. एका चंबूच्या मानेला आतून काहीतरी वाळून बसल्याची बारीक पांढरी कडी होती, पुसट. मावशीच्या नजरेतून सुटली नाही. तिला ती दिसली. अगदी स्पष्ट दिसली.

पण चार वाजायला बारा मिनिटं होती आणि त्या दिवशी दादा तिला पहिल्यांदा वळण शिकवणार होता.

तिनं चंबू नळाखाली एकदा फिरवला, वाळवला आणि ताईच्या हातात दिला. "घे."

दुसऱ्या चंबूचं बूच अडकून बसलं होतं, काचेत काच. तो तिनं नंतर बघू म्हणून ड्रॉवरमध्ये डाव्या हातमोज्यांखाली ढकलला. आणि पहिला, ताईनं वापरून परत दिल्यावर, अपराधी मनानं तीन वेळा क्षारात घालून असा घासला की त्यात तोंड दिसावं. एकतीस वर्षांतला एकमेव चोरीचा डाग, तोही पुसून टाकला. कुणाला कळलं नाही. मोठे सर म्हणतात तसं, भांड्यांकडं कोणी बघतच नाही.

विरजण तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. चष्मेवाल्याच्या चंबूच्या मानेवर जी कडी होती, तोच त्याला न दिसलेला खड्यांचा कण. तीच चावी. आणि तसलीच कडी दुसऱ्या चंबूत अजून असणार, हातमोज्यांखाली, बूच घट्ट, आत एक थेंब पाणी न गेलेलं.

आता सरळ माणूस काय करेल? जाऊन सांगेल. मावशी शनिवारभर सरळ झाली नाही. तिच्या डोक्यात सर भाषण देताना दिसत होते, आणि रांगेतल्या नव्या पोरांचे चेहरे तिच्याकडं वळलेले. महिनाअखेर ती निवृत्त होणार होती. निरोपाच्या भाषणात सर काय म्हणणार, ते तिला ठाऊक होतं. त्यात आता "पण एकदा" आलेलं तिला नको होतं.

मग तिनं ठरवलं, गुपचूप करू. बी पडल्याशी मतलब. सांगितलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय?

सोमवारी सकाळी ताईनं शेवटचा माल कोमट द्रवात विरघळवला, आम्ल घातलं, फ्लास्क गार व्हायला ठेवला, बूच लावलं आणि अकरा वाजता हात धुवून कँटीनला गेली, पिवळ्या टॉपमध्ये. मावशीनं इकडं खोलीचं दार लोटलं, ड्रॉवर उघडला, चंबू काढला. केस वाळवायच्या मशीननं चंबूच्या मानेवर गरम हवा मारली, फक्त बाहेरच्या काचेवर, म्हणजे बाहेरची फुगते आणि आतली तशीच राहते. मग लाकडी चमच्यानं टक, टक, टक. बूच सुटलं. एकतीस वर्षांत तिनं अशी शेकडो सोडवली असतील, पण हे सुटलं तेव्हा तिचे हात ओले झाले, आणि ते पाण्यानं नाही.

आत मानेला पांढरी कडी. आहे!

चंबू एप्रनच्या खिशात. एक लांब सुई दुसऱ्या खिशात. चोरासारखी ती ताईच्या टेबलाशी गेली. लॅबमध्ये कोणी नाही. ताईच्या फ्लास्कमध्ये द्रव, तळाशी पिवळटपणा दाटायला लागलेला, डिंकाची सुरुवात. मावशीनं बूच काढलं. सुईच्या टोकावर कण घेतला. हात फ्लास्कवर गेला.

आणि शेजारी ताईची वही उघडी होती.

मागच्या पानावर पहिल्या गुरुवारची यादी. ताईनं काय-काय सारखं करायचं ते एकाखाली एक लिहिलेलं. पिवळा टॉप. खिडकी अर्धी. सँडविच, कोबी नसलेलं. बाहेर स्कूटरचा आवाज येत होता (कोण?). आणि सगळ्यात खाली: फ्लास्क, मावशींनी धुतलेला, स्वच्छ. पुढं बरोबरची खूण. दोनदा गिरवलेली.

मावशीचा हात तिथंच थांबला. ती मला म्हणाली, "अगं, ती खूण बघितली आणि कानाखाली वाजवल्यासारखं झालं. मी टाकला असता कण, खडे आले असते, आणि या पोरीनं जन्मभर सगळ्यांना सांगितलं असतं, पिवळा टॉप घाला. पुढचा कोणी बसला असता पिवळा टॉप घालून. डिंकासमोर. रडत."

तेवढ्यात दारात ताई. मावशीच्या एका हातात सुई, दुसऱ्या हातात फ्लास्कचं बूच, आणि ताईच्या एकोणतीस वर्षांच्या आयुष्याचा शेवटचा माल उघडा.

"मावशीऽऽ! ते धुवायचं नाहीये! ते खरकटं नाही! ते माझं आहे!"

"ओरडू नकोस. धुवायला नाही आले."

"मग?"

"न धुतलेलं सांगायला आले."

मग तिनं सांगितलं. कडी, बारा मिनिटं, नळाखाली एकदाच, नंतर तीनदा घासलेला पुरावा, आणि खिशातून दुसरा चंबू काढून टेबलावर ठेवला. ताई ऐकता ऐकता खुर्चीत बसली. तिला रडायचं होतं की हसायचं ते ठरत नव्हतं, त्यामुळं दोन्ही झालं.

"म्हणजे स्कूटरवर तुम्ही होता?"

"तुला एवढ्यातून तेवढंच ऐकू आलं?"

"मावशी, दोन महिने मी तेच सँडविच खातेय!"

"मग काय, चांगलं असतं. बोल, हा कण टाकायचा का?"

ताईनं चंबू उजेडाशी धरला. "तुमच्या चंबूतला डावा निघाला तर? मग डावेच जमतील."

"तर ड्रॉवरमध्ये टाकू. तेवीस आहेत, चोवीस होतील."

ताईनं सुई घेतली. मावशीनं तिचं मनगट खालून धरलं, ब्रश धरतात तसं. कण पडला. दिसलाही नाही. दोघी फ्लास्कला नाक लावून बसल्या. एक मिनिट काही नाही. दोन मिनिटं काही नाही. मावशी पुटपुटली, "लाग की बाबा." मग कणाभोवती धुक्यासारखं काहीतरी उमललं, आणि त्यातून एक पांढरी सुई निघाली, तिच्या बाजूला दुसरी, आणि बघता बघता तळापर्यंत बर्फ पडल्यासारखं.

पुढं गाळणं, वाळवणं, आणि दुपारी मशीन. प्रकाश उजवीकडं वळला. आकडा तोच. ताई पिवळ्या टॉपच्या बाहीनं डोळे पुसत होती. मावशी म्हणाली, "आता तो टॉप धुवायला टाक, वास येतोय."

राहिले मोठे सर. ताई म्हणाली, मी सांगते. मावशी म्हणाली, "नाही. घाण माझी, मीच धुणार." ती सरांच्या केबिनमध्ये गेली, उभी राहिली आणि एका दमात सांगून टाकलं. स्कूटर गाळली. मग परत आत डोकावून स्कूटरही सांगितली.

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मावशी, एकतीस वर्षांत मी या मुलांना एक गोष्ट चुकीची शिकवली. भांड्यांकडे पण बघायला पाहिजे."

मावशीचा चेहरा पडला.

"आणि दुसरी गोष्ट, ही मुलं चुकल्यावर मला सहा महिन्यांनी सांगतात. तुम्ही दोन महिन्यांत सांगितलंत. बसा."

त्या केबिनमध्ये ती पहिल्यांदाच खुर्चीत बसली. आणि सर हसले. त्या वर्षातलं दुसरं.

आता प्रबंधात लिहायचं कसं, यावर मात्र भांडण झालं. ताईला खरं लिहायचं होतं, बी कण एका जुन्या, न धुतलेल्या फ्लास्कमधून मिळाला. मावशी म्हणाली, "छापणार? न धुतलेल्या? माझं नाव खाली आभारात आणि वर हे?" दोन दिवस दोघींची वाटाघाट चालली. शेवटी ठरलं ते असं: "बी कण एका जुन्या फ्लास्कमधून मिळाला, जो धुण्याच्या खोलीत एकतीस वर्षांत एकदाच धुवायचा राहिला होता." मावशीनं "एकदाच" या शब्दाखाली स्वतःच्या हातानं रेघ मारली. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर. स्केचपेननं. ती अजून पुसली गेलेली नाही.

ताई बारावी पास झाली. नवरा स्कूटरवर मागं बसला, पहिल्या वळणाला डोळे मिटून. जिन्याचं वाक्य त्यानंतर त्याच्या तोंडून आलेलं नाही.

मावशीची महिनाअखेर आली की ती खोली रिकामी होणार. ड्रॉवरमधले तेवीस डावे हातमोजे ती कुणाला तरी देऊन जाणार आहे, आणि कुणाला ते अजून ठरलेलं नाही. म्हणून सांगते, या आठवड्यात जा. जिना चढून डावीकडं. काचेचं काहीतरी हातात असू द्या, निदान चष्मा तरी, म्हणजे ती तुमच्याकडं नीट बघेल. तिला विचारा त्या गुरुवारचं. ती आधी नाही म्हणेल, मग सांगेल, आणि माझ्यापेक्षा जास्त तिखटमीठ लावून सांगेल. फक्त मंगळवारी-गुरुवारी चारनंतर जाऊ नका. आणि गेलातच, तर सायकल स्टँडकडून जाऊ नका.